गोटे मास्तरांच्या आधी येऊन गेलेला माणूस

आत्मारामजी गोटे यांच्याबरोबर गावाबाहेर पडायचं नाही, असा मी नियम केला होता. तो मी किती वेळा मोडला ते सांगत नाही, कारण त्यात हसं माझंच आहे. पण ज्याला त्यांच्याबरोबर भर उन्हात एखाद्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ताटकळत उभं राहावं लागलं नाही, त्यानं मला धीर धरायला सांगू नये.

वाशिमच्या आमच्या शाळेत ते मराठी शिकवत आणि मी गणित. चाळिशी ओलांडलेला उंच, किडकिडीत माणूस. काळी टोपी मागे सरकलेली आणि काखेत बारा महिने छत्री. ही छत्री त्यांनी उघडलेली मी कधी पाहिली नाही. पाऊस आला तर ते आडोशाला उभे राहत आणि छत्री भिजू नये म्हणून कोटाच्या आत घेत. काहून म्हणून विचारलं तर म्हणत, "उघडली का काडी मोडते, रामभाऊ."

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. औषधाचा नव्हे, प्रबंधाचा. नागपूरच्या एका वयस्क प्राध्यापकांनी त्यांना हाताखाली घ्यायचं कबूल केलं होतं आणि अट एकच घातली होती: जिथं आजवर कोणाचं पाऊल पडलं नाही अशी जागा दाखवा, नाव लगेच नोंदून घेतो. बोलायची एक रीत असते, तसं ते बोलले असणार. गोटे मास्तरांनी ते शब्द गंडा बांधावा तसे मनगटाला बांधून घेतले.

त्या आधारावर त्यांनी एकामागून एक विषय सोडले. आमचं गाव पुराणं, राजेरजवाड्यांचं, म्हणून आधी इतिहास धरला. त्यात पावलंच पावलं होती, सोडला. मग मानभावांच्या पोथ्या धरल्या. महंतांनी सांगितलं, नागपूरहून एक गृहस्थ पाहून गेले. सोडल्या. भुलाबाईची गाणी धरली, तर मोटारीत शेजारी बसलेल्या कोणा अनोळखी बाईनं सांगितलं की तिच्या चुलत नणंदेनं ती वहीत उतरवून घेतली आहेत. झालं. मास्तर घरी आले ते विषय मोटारीतच ठेवून आले.

मी म्हणालो, "अहो, नणंदेची वही अन् प्रबंध एक असते काय?"

"दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचं नाई, रामभाऊ."

हा त्यांचा मंत्र होता. कुठल्याही विषयाला हात घालताना ते पहिला प्रश्न विचारत, "याच्या आधी कोणी येऊन गेलं काय?" समोरचा हो म्हणाला की दुसरा प्रश्न नाही. कोण आलं होतं, कशासाठी आलं होतं, काय घेऊन गेलं, काही म्हणजे काही नाही. पिशवीचे बंद आवळायचे आणि चालू लागायचं. आमच्याकडे पोराला नवरी पाहायला जातात तेव्हासुद्धा आधीचा पाहुणा का परत गेला याची चार ठिकाणी चौकशी करतात. मास्तरांना ती चौकशी म्हणजे चोरी वाटे.

मग एक दिवस मी आठवीला भूमितीतलं प्रमेय शिकवत असताना ते दार न वाजवता आत शिरले. हातात एका पोराचा निबंध होता. विषय 'माझे वडील' असा काहीतरी, आणि पोरानं लिहिलं होतं, 'माझा बाप पहाटे घोडेमोडीत जातो.'

"हे घोडेमोडी काय हाय, ठाऊक हाय?" मास्तर म्हणाले. "त्याच्या वावराचं नाव. कोण्या काळी तठी घोड्याचा पाय मोडला. प्रत्येक वावराले नाव असते, रामभाऊ. पटवाऱ्याच्या कागदात नुसते नंबर. नावं कुठीच नाईत. तोंडात हायत फक्त."

वर्ग खिदळत होता, माझं प्रमेय अर्ध्यावर लटकत होतं, आणि हे गृहस्थ भर वर्गात मला विचारतात, "तुमच्या गावच्या, किन्हीराजाच्या वावराचं नाव काय?"

"वावराले कायचं नाव? आमचं वावर, बस."

"नाव असतेच," ते म्हणाले आणि निघून गेले. मला इतका राग आला की मी उरलेलं प्रमेय चुकीचं सोडवलं.

पण विषय खरा होता, हे मलाही कळत होतं. पोरांना आंघोळ घालून नावं ठेवावी तशी माणसांनी वावरांची नावं ठेवली आणि कुणी ती लिहून घेतली नव्हती. त्याच उन्हाळ्यात मास्तरांनी रहीमभाईची सायकल भाड्यानं घेतली आणि जिकडे चाक वळेल तिकडे हिंडू लागले. संध्याकाळी सायकल धुळीनं माखून परत येई. चौकातल्या दुकानात पान्हा हातात घेऊन बसलेले रहीमभाई हताश होऊन म्हणत, "मास्टरसाब, ये सायकल है, हल नहीं." मास्तर त्यांनाच विचारत, तुमच्या वडिलांचं वावर होतं काय, त्याचं नाव काय? रहीमभाईंनी नंतर नंतर सायकल दुरुस्तीला आहे असं सांगायला सुरुवात केली.

शेतकऱ्यांचीही तीच तऱ्हा. जमिनीचे नवे कायदे येणार अशी हवा होती, आणि अशात एक उंच, टोपीवाला माणूस धुऱ्यावर उभा राहून नाव विचारतो. लोकांना वाटे, तहसिलीतून आला. एकानं तर वावराचंच नव्हे, स्वतःचंही नाव खोटं सांगितलं. त्यात मास्तरांना माती हुंगायची खोड. वावरात पाय टाकला की वाकून चिमूटभर माती उचलायची, डोळे मिटायचे आणि नाकाला लावायची. त्यांच्या मते वासावरून नावाचा अदमास येतो. मी एकदा शाळेच्या बागेतली माती कागदाच्या पुडीत बांधून त्यांच्यापुढे ठेवली. बराच वेळ हुंगून म्हणाले, "खळ्याकाठची हाय. जुनी वहिवाट दिसते." तिथं आमचा शिपाई दोडके लावत असे.

त्या पावसाळ्यात त्यांचे वडील वारले. मोठी भरदार मिशी होती मास्तरांना. ती तेव्हा उतरवली आणि परत कधी ठेवली नाही. वर्षभर कामही बंद राहिलं. मग त्यांनी ठरवलं की आधीचं हिंडणं कच्चं होतं, आता गाव धरून, शिस्तीनं जायचं. आणि इथून खरी पीडा सुरू झाली.

पहिल्याच गावी पारावर बसून त्यांनी मंत्र म्हटला, आधी कोणी येऊन गेलं काय? लोक म्हणाले, हो, गेलं नं एक जण, वावरांची नावं पुसत हिंडत होता. मास्तर उठले. दुसऱ्या गावी तेच. तिसऱ्या गावी तेच. कुणीतरी त्यांच्याच विषयावर, त्यांच्याच भागात, त्यांच्या आधी फिरून गेलं होतं. मास्तरांनी लगेच ठरवून टाकलं की तो अमरावतीकडचा असावा, विद्वान असावा आणि त्याचा प्रबंध आता होतच आला असावा. त्यांनी त्याच्यावर राग धरला असता तर मला बरं वाटलं असतं. हे उलट त्याचं कौतुक करत. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना म्हणत, "माणूस मेहनती दिसते. जवळपास सगळ्या शिवारात जाऊन आला."

"मग तुमी नागपूरले लिहा नं," मी म्हणे. "विचारा, असा कोणी नोंदला हाय काय."

"त्याची चहाडी केल्यावानी होईल."

घरी तर याहून वाईट. एकदा जेवायला गेलो होतो. गंगावहिनी भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "भावजी, आमच्या घरी रोज एक पाहुना जेवते, पन दिसत नाई. हे त्याच्याचबद्दल बोलतेत. सवत असती तं झिंज्या तं धरता आल्या असत्या." मास्तर शांतपणे वरणात भाकरी कुस्करत होते. वर म्हणाले, "त्यालेबी आपल्या इकडची भाकर आवडत असंल."

दोन हंगाम असे गेले. मग नागपूरहून निरोप आला की प्राध्यापक येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार. त्याआधी विषय ठरला तर ठरला. नंतर खेड्यापाड्यातल्या शाळामास्तराला कोण जवळ करतं? मास्तरांचं जेवण कमी झालं. वर्गात कविता शिकवताना मध्येच थांबत. वहिनींनी मला बोलावून सांगितलं की यांना एकदा शेवटचं कुठं तरी घेऊन जा, नाहीतर हे असेच सुकत जातील. म्हणून, केवळ म्हणून, मी माझा नियम पुन्हा मोडला.

इंझोरी गाव मास्तरांनी अजून धरलं नव्हतं. थंडीचे दिवस होते, कापसाची वेचणी चालली होती. मोटारीतून उतरून आम्ही पायवाटेनं निघालो आणि गावाअलीकडच्या एका विहिरीवर पाणी प्यायला थांबलो. तिथं एक म्हातारी ओटीतला कापूस सोडून बसली होती. मास्तर नेहमीच्या नम्रपणानं म्हणाले, "माय, रागावू नको, एक इचारतो. या वावरांची नावं पुसत कोणी येऊन गेलं काय?"

"गेला नं," म्हातारी म्हणाली. "लय दिवस झाले. उन्हाया होता."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीचे बंद आवळले आणि उठले. एवढ्या लांब येऊन, एवढी धूळ खाऊन, एका वाक्यात सगळं संपलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांचा नियम त्यांच्यापाशी, मी काही तो पाळायचं कबूल केलं नव्हतं. मी म्हातारीपुढे बसलो आणि दुसरा प्रश्न विचारला.

"कसा होता वो माय तो?"

"उंच होता, बापा, ताडावानी. मोठी मिशी होती. हातात छत्री होती, पन उन्हात उघडे नाई. मी म्हनलं, हे लाकूड कायले वागवते?" तिनं जरा आठवलं आणि हसली. "अन् माती हुंगे. चिमटीत घेऊन, डोये मिटून. मी म्हनलं, याले घरी खायले देतेत का नाई?"

मी वळून पाहिलं. मास्तर विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी पडतं तिथं, वाकले होते. छत्री काखेत, चिमटीत माती, डोळे मिटलेले. डोळे उघडून ते मला म्हणाले, "ऐकलं, रामभाऊ? माती हुंगनं त्यालेबी कळते. म्हणत नव्हतो, माणूस अभ्यासू हाय म्हणून?"

कपाळ बडवून घ्यावं की विहिरीत उडी टाकावी, हे मला काही क्षण ठरवता येईना.

"मास्तर," मी म्हणालो, "तुमची मिशी कधी गेली?"

"माहे वडील वारले तवा. काहून?"

"त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात तुमी सायकल घेऊन कुठी कुठी हिंडले?"

"जठी सायकल गेली तठी."

"कोणकोणत्या गावाच्या शिवारात गेले, ते पुसलं होतं काय?"

"गावाचं नाव कायले पुसू?" ते जरा चिडूनच म्हणाले. "गावाची नावं तं नकाशात असतेत. मी वावराचं नाव पुसत होतो."

आणि बोलता बोलता थांबले. म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "अगं माय," ती म्हणाली, "हा तं तोच हाय. मिशी कुठी गेली रे बाप्पा तुही?"

मला वाटलं, आता हा माणूस नाचेल. विषय त्याचा होता, पहिल्यापासून त्याचाच होता, त्या वावरांतून त्याच्याशिवाय कुणाचंही पाऊल पडलं नव्हतं. परतताना मी तेच मोठमोठ्यानं सांगत होतो, उद्याच नागपूरला लिहा म्हणत होतो, दोन वर्षं फुकट घालवल्याबद्दल शिव्याही देत होतो. मास्तर मागे मागे पडत गेले. वाटेवरच्या बाभळीखाली ते बसले.

"मले वाटलं होतं," ते म्हणाले, "आणखी एक जण हाय."

"कोण?"

"तो. मी त्याच्यावर कधी रागावलो नाई, रामभाऊ. मी म्हणो, एखाद्या दिवशी भेटंल. त्याले पुसीन का घोडेमोडी तुमाले कुठी सापडली काय. त्याले सांगीन का एक वावर हाय, त्याचं नाव आंधळ्याची उशी. त्याले मजा वाटली असती." ते छत्रीच्या टोकानं माती उकरत राहिले. "आता कोणाले सांगू?"

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत त्यांच्या वावरांत मी एकदाही मनापासून डोकावलो नव्हतो, आणि आमच्या गावात दुसरं तरी कोण डोकावणार होतं?

"मले सांगा," मी म्हणालो.

"तुमाले कंटाळा येते."

"येते. तरी सांगा."

हे वाक्य मी बोललो आणि माझ्या संध्याकाळी संपल्या. पौष-माघ दोन्ही महिने मास्तर शाळा सुटली की माझ्याकडे येऊन बसत. आधीच्या कच्च्या कामातली नावं घेऊन, कोणतं वावर कोणत्या गावाचं याची जुळणी चालली होती. नाला डाव्या हाताला होता की उजव्या, सायकलीचं चाक पंक्चर झालं तेव्हा कोणतं देऊळ दिसत होतं, असल्या आठवणींवरून ते गाव ठरवत आणि मी गणिताचा मास्तर म्हणून मला दिशा मोजायला लावत. मी कंटाळत होतो, वाद घालत होतो, कधी कधी दिवा लागायच्या आत त्यांना घरी हाकलत होतो. पण आंधळ्याची उशी कुठं आहे हे ठरलं तेव्हा मीच आधी ओरडलो, हेही कबूल केलं पाहिजे. रहीमभाईंनी सायकल पुन्हा चांगली झाल्याचं सांगितलं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटचं नीट सांगता येईल. प्राध्यापक खुर्ची सोडण्याच्या आत मास्तरांचं नाव नोंदलं गेलं. त्यांनी तिकडेच एका शाळेत नोकरी धरली, वहिनी मागून गेल्या. प्रबंध पुरा व्हायला किती काळ लागला ते विचारू नका. पण झाला. मी तोवर बदली होऊन दूर गेलो होतो आणि आमची गाठ काही पडली नाही.

तर ते नागपूरला निघाले त्या रविवारी मी किन्हीराजाला होतो. आदल्या दिवशी मी माझ्या म्हाताऱ्या काकांना विचारलं होतं, आपल्या वावराला काही नाव आहे काय? काका म्हणाले, "हाय नं. रुसणीचं." माझी पणजी सासूशी भांडून त्या वावरातल्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बसली, कुणाचं ऐकेना, शेवटी सासरा स्वतः ताट घेऊन मनवायला गेला. तेव्हापासून ते रुसणीचं वावर. आमच्या घरात नाकावर राग कुठून आला ते मला त्या दिवशी समजलं. आयुष्यभर मी त्या वावराचं धान्य खाल्लं होतं आणि मला त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

वाशिमहून येणारी गाडी आमच्या गावाजवळच्या जऊळक्याला थांबते. मी छकडं जुंपायला लावलं आणि स्टेशन गाठलं. गाडी येऊन उभी होती. खिडकीत मास्तर होते, टोपी मागे सरकलेली, छत्री मांडीवर आडवी, न उघडलेली. मला पाहून ते चकित झाले. गाडीनं शिट्टी दिली. मी धापा टाकत खिडकीपाशी पोचलो, काय सांगायचं होतं ते सगळं एकदम आठवेना.

"मास्तर, आमच्या वावराचं नाव..."

"रुसणीचं," ते म्हणाले.

गाडी हलली. मी तिच्याबरोबर चालू लागलो. मास्तरांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडावर न पाहिलेलं, चांगलं लबाड हसू हसले.

"तठी एक जण आधीच येऊन गेला, रामभाऊ."